विद्यार्थ्यांची चित्रपट-मंडळे : सेऊल आणि कोपरगाव

कोपरगावचा लौकिक साखरेचा. नांदूर-मधमेश्वरहून निघालेल्या गोदावरीच्या कालव्यांनी या तालुक्यात ऊस आणला. सोमय्यांनी साकरवाडीला खासगी कारखाना काढला, मागाहून दोन सहकारी कारखाने उभे राहिले, आणि साखरेच्या मागोमाग शिक्षण आले. सोमय्या महाविद्यालय, रयत शिक्षण संस्थेचे सद्गुरू गंगागीर महाराज महाविद्यालय, संजीवनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय अशा संस्थांमुळे एका तालुक्याच्या गावी आज हजारो विद्यार्थी दररोज एकत्र येतात. पोहेगाव, कोळपेवाडी, वारी, रवंदे अशा गावांहून एस.टी.ने येणाऱ्या या मुलामुलींच्या हातात भ्रमणध्वनी असतो आणि त्यावर, परत जाणाऱ्या गाडीची वाट पाहत असताना, बहुधा एखादी कोरियन मालिका हिंदी आवाजात चालू असते. २०२१ साली 'स्क्विड गेम' ही मालिका जगभर गाजली. तिच्या आधी, फेब्रुवारी २०२० मध्ये, बोंग जून-हो यांच्या 'पॅरासाइट'ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पटकावले होते. इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील चित्रपटाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. कोरियाचे नाव तेव्हापासून आपल्याकडील तालुक्यांच्या गावांतही घरोघर पोचले आहे.

पाच कोटींच्या आसपास लोकसंख्या असलेल्या, एका लहानशा द्वीपकल्पाचा अर्धा भाग व्यापणाऱ्या या देशाने हे साधले कसे, असा प्रश्न विचारला की ठराविक उत्तर मिळते. सरकारने पैसा ओतला, मोठ्या उद्योगसमूहांनी भांडवल पुरवले, देशी चित्रपटांसाठी चित्रगृहांत राखीव दिवस ठेवले. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अर्धेच आहे, आणि जे अर्धे गाळले जाते तेच कोपरगावसारख्या गावाच्या उपयोगाचे आहे. कोपरगावच्या कोणा प्राचार्यांना उद्योगसमूहाचे भांडवल उभे करता येणार नाही, की राखीव दिवसांचा कायदा करता येणार नाही. पण विद्यार्थ्यांना एक खोली, एक पडदा आणि थोडी मोकळीक ते देऊ शकतात. कोरियन चित्रपटाच्या उत्कर्षाची पहिली पायरी नेमकी अशाच खोल्यांत घातली गेली होती.

१९७० चे दशक हे दक्षिण कोरियातील चित्रपटाचे अत्यंत वाईट दशक होते. १९७२ च्या युशिन राज्यघटनेनंतर पार्क चुंग-ही यांची राजवट पूर्णपणे हुकूमशाहीकडे झुकली. पटकथा आधी तपासली जाई, तयार चित्रपट पुन्हा कापला जाई. निर्मितीचा परवाना मोजक्याच कंपन्यांना. परदेशी चित्रपट आणण्याचा हक्क देशी चित्रपट काढणाऱ्यास मिळे, म्हणून हॉलिवुडच्या नफ्यासाठी कसेबसे उरकलेले देशी चित्रपट पडद्यावर येत. अशा काळात सेऊलमधील विद्यार्थ्यांना जगाचा चित्रपट पाहण्यासाठी दोनच ठिकाणे उरली होती : फ्रेंच सांस्कृतिक केंद्र आणि जर्मन गटे संस्था. परकीय केंद्रांच्या त्या तळघरांत आणि सभागृहांत सेन्सॉरचा हात पोचत नसे. कोरियन उपशीर्षके नसलेले चित्रपट मुले पुन्हा पुन्हा पाहत आणि बाहेर येऊन त्यांवर वाद घालत. पुढे या पिढीला 'सांस्कृतिक केंद्रांची पिढी' असेच नाव पडले.

ही मुले केवळ पाहून थांबली असती तर त्यांची आठवण कोणी ठेवली नसती. १९७९ च्या सुमारास सेऊल राष्ट्रीय विद्यापीठात 'यालाशंग' नावाचे विद्यार्थ्यांचे चित्रपट-मंडळ निघाले. आठ मिलिमीटरच्या फिती, उसना कॅमेरा, आणि संकलन कशाशी खातात याचे पुस्तकी ज्ञान एवढ्या सामग्रीवर त्यांनी लघुपट काढले. पुढे नवकोरियन चित्रपटाचे एक अग्रणी ठरलेले पार्क क्वांग-सू हे याच मंडळातले. १९८२ मध्ये त्यातील काहींनी 'सेऊल चित्रपट समूह' स्थापन केला. पाहता पाहता अन्य विद्यापीठांतही मंडळे उभी राहिली. सोगांग विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकणाऱ्या पार्क चॅन-वूक यांच्या हातून हिचकॉकचा 'व्हर्टिगो' पाहिल्यावर चित्रपट-दिग्दर्शनाची प्रतिज्ञा झाली, असे ते स्वतःच सांगतात. तेही तेथील विद्यार्थी-मंडळातच घडले.

या मंडळांचे वातावरण चहा पिता पिता अभिरुची जोपासणाऱ्या रसिकांचे नव्हते. १९८० साली ग्वांगजू शहरात लष्कराने नागरिकांवर गोळ्या झाडल्या होत्या. त्याविषयी उघड बोलण्याची सोय नव्हती. चित्रपट हे त्या पिढीला बोलण्याचे साधन वाटले. विद्यापीठांच्या मंडळांतून आलेल्या तरुणांनी १९८८ मध्ये 'जांगसानगोन्मे' नावाचा गट काढला आणि ग्वांगजूच्या पार्श्वभूमीवर 'अरे, स्वप्नभूमी' या अर्थाच्या शीर्षकाचा चित्रपट तयार केला. १९९० साली त्यांनी एका धातू-कारखान्यातील कामगारांवर 'संपाची पूर्वरात्र' हा सोळा मिलिमीटरचा चित्रपट काढला. चित्रगृहात तो लागणे शक्यच नव्हते. म्हणून तो विद्यापीठांत दाखवला गेला. ग्वांगजूच्या चोन्नम विद्यापीठातील प्रदर्शन थांबविण्यासाठी पोलिसांनी हेलिकॉप्टरदेखील वापरले. मुलांनी काढलेल्या एका चित्रपटासाठी हेलिकॉप्टर! त्या चित्रपटाच्या सामर्थ्याची याहून मोठी पावती कोणत्या समीक्षकाने दिली असती, हे सांगणे कठीण आहे.

परंतु खरा परिणाम पुढे न्यायालयात दिसला. परवानगीवाचून चित्रपट दाखवल्याबद्दल या गटावर खटले झाले. ते प्रकरण घटना-न्यायालयापर्यंत गेले आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये त्या न्यायालयाने चित्रपटाची पूर्व-तपासणी घटनाबाह्य ठरवली. ज्या तपासणीने दोन दशके कोरियन चित्रपटाचा गळा आवळला होता, तिची गाठ विद्यार्थी-मंडळांतून निघालेल्या तरुणांच्या याचिकेने सुटली. त्याच वर्षी बुसानचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १९९५ मध्ये, 'किनो' आणि 'सिने २१' ही दोन गंभीर चित्रपट-नियतकालिके निघाली होती. त्यांचा वाचकवर्ग आकाशातून पडला नाही. तो विद्यापीठांच्या खोल्यांत दहा-पंधरा वर्षे वाद घालत तयार झाला होता. आणि 'संपाची पूर्वरात्र' काढणाऱ्यांपैकी ली उन यांनी पुढे म्युंग फिल्म्स या निर्मितिसंस्थेच्या उभारणीत भाग घेतला. २००० साली याच संस्थेने पार्क चॅन-वूक यांचा 'जॉइंट सिक्युरिटी एरिया' काढला आणि तो चित्रपट कोरियाच्या लोकप्रिय चित्रपटांच्या इतिहासात मैलाचा दगड ठरला. कालचे बंडखोर आजचे निर्माते झाले, याबद्दल त्यांच्यावर टीका झाली नसेल असे नाही. पण धंदा हाती घेताना ज्यांना चित्रपट म्हणजे काय हे ठाऊक होते असे लोक त्या धंद्याला लाभले, ही गोष्ट सामान्य नव्हे.

बोंग जून-हो यांची कथा याहून घरगुती आणि म्हणूनच अधिक बोधप्रद आहे. योनसेई विद्यापीठात समाजशास्त्र शिकणारा हा तरुण १९९० च्या दशकाच्या आरंभी 'पिवळा दरवाजा' नावाच्या एका मंडळात होता. दाराला पिवळा रंग दिलेली एक भाड्याची खोली, हाच त्या नावाचा उगम. निरनिराळ्या विद्यापीठांतील मुलेमुली तेथे जमत. प्रतीच्या प्रतीची प्रत काढलेल्या, चित्र धूसर झालेल्या व्हिडिओ-फिती पाहत. परदेशी पुस्तके भाषांतरून त्यांवर टिपणे वाचत. बोंग यांच्याकडे त्या फितींच्या संग्रहाची व्यवस्था होती. जगद्विख्यात दिग्दर्शकाच्या कारकिर्दीचा आरंभ ग्रंथपालाच्या कामाने झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. तेथेच त्यांनी एका बाहुल्याच्या गोरिलाला घेऊन एकेक चौकट हलवीत एक लहानसा चित्रपट केला आणि तो मित्रमंडळींना दाखवला. मंडळ काही वर्षांत विखुरले. त्याच्या सभासदांपैकी बहुतेकांनी पुढे चित्रपटाचा व्यवसाय केला नाही. २०२३ साली या मंडळावर एक माहितीपट निघाला, त्यात आता पन्नाशीच्या घरात आलेली ही मंडळी तीस वर्षांपूर्वीच्या वादांची आठवण काढून हसताना दिसतात. आणि एकाच प्रसंगाची प्रत्येकाची आठवण वेगळी निघते.

त्या न झालेल्या दिग्दर्शकांचे महत्त्व बोंग यांच्याइतकेच आहे. चित्रपटसंस्कृती दिग्दर्शकांनी होत नाही; ती होते चित्रपट पाहण्यास शिकलेल्या शिक्षकांनी, वकिलांनी, कारकुनांनी, पत्रकारांनी. असा प्रेक्षक पाठीशी असतो म्हणूनच निर्मात्याला धाडस परवडते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विद्यार्थी-मंडळांनी एकट्यांनी कोरियन चित्रपट घडवला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. वर्षाकाठी १४६ दिवस देशी चित्रपट दाखवण्याचे बंधन चित्रगृहांवर नसते (२००६ साली ते ७३ दिवसांवर आणले गेले), १९८४ मध्ये सरकारी चित्रपट अकादमी निघाली नसती, १९८७ च्या जनआंदोलनाने लोकशाही परत आणली नसती, तर त्या खोल्यांतील वाद खोल्यांतच विरले असते. शिवाय त्या मंडळांत हटवादीपणाही पुष्कळ होता. कामगारांचा नसलेला प्रत्येक चित्रपट बुर्झ्वा, अशी भाषा तेथेही चाले. तथापि पैसा आणि कायदा आला तेव्हा त्यांचा उपयोग करणारी माणसे तयार होती, हे श्रेय मंडळांचेच आहे.

आता महाराष्ट्राकडे वळले तर मन विषण्ण होते. कारण या बाबतीत आपण कोरियाच्या मागे नव्हतो. पुष्कळ पुढे होतो. ज्या गोदावरीच्या काठी कोपरगाव आहे, तिच्याच उगमाशी, त्र्यंबकेश्वरी, १८७० साली दादासाहेब फाळके जन्मले, आणि १९१३ मध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला. पुढे त्यांचे चित्रपट बैलगाडीतून गावोगाव गेले. १९४७ साली सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्त यांनी कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली; १९५९ मध्ये अशा संस्थांचा अखिल भारतीय महासंघ झाला. १९६० मध्ये पुण्याला प्रभात स्टुडिओच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. पी. के. नायर यांच्यासारखा संग्राहक आणि सतीश बहादूर यांच्यासारखा शिक्षक एकाच गावी, एकाच वेळी लाभावा, हे भाग्य सेऊलला नव्हते. सेऊलची मुले धूसर फिती पाहत होती, तेव्हा पुण्याच्या संग्रहालयातून अभिजात चित्रपटांच्या सोळा मिलिमीटरच्या प्रती देशभरच्या मंडळांना पाठवल्या जात होत्या. सेऊलचे विद्यार्थी परकीय केंद्रांच्या तळघरात लपून जे पाहत, ते आपल्या फिल्म सोसायट्यांना सरकारच्या संमतीने, सेन्सॉरच्या सवलतीसह, पाहता येत असे. १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले. सुधीर नांदगावकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यात आयुष्य घातले. मंडळाचे 'वास्तव रूपवाणी' हे नियतकालिक मराठीतील गंभीर चित्रपट-लेखनाचे एक हक्काचे ठिकाण झाले.

एवढे सारे असूनही त्या चळवळीचे पाणी नदीच्या पात्रातच राहिले, पाटाने शेतात गेले नाही. मुंबई-पुण्याबाहेर काही शहरांत मंडळे निघाली, काही टिकली. पण त्यांचा सभासद बहुधा नोकरदार, मध्यमवयीन आणि शहरी होता; विद्यार्थी असला तर तो पाहुणा असे. त्यातच सेन्सॉरची सवलत हीच काहींच्या लेखी सोसायटीची सर्वात मोठी कला ठरली. न कापलेला युरोपीय चित्रपट आला की सभागृह ओसंडे आणि ओझूचा चित्रपट असला की रिकाम्या खुर्च्या मोजाव्या लागत, हा विनोद त्या काळच्या कार्यकर्त्यांत प्रसिद्ध आहे. १९८२ नंतर रंगीत दूरदर्शन आणि व्हिडिओ घरात आले, तसा हा सभासद घरी बसला. ज्याने सवलतीसाठी वर्गणी भरली होती, तो सवलतीचे मोल संपताच निघून गेला, यात आश्चर्य कसले?

कोरियातील मंडळे याच व्हिडिओवर पोसली गेली आणि आपल्याकडील मंडळे त्याच व्हिडिओने खंगली, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे. एकाच यंत्राचे दोन परिणाम झाले. सेऊलच्या मुलाला फीत मिळाली की तो दहाजणांना बोलावी, कारण त्याला पाहण्याइतकीच नंतरच्या भांडणाची गरज होती. आपल्या सभासदाला फीत मिळाली की तो दार लावून घेई. कोरियाने मंडळ विद्यार्थ्यांच्या स्वाधीन केले होते. आपण विद्यार्थ्यांना मंडळात, झालेच तर, सवलतीच्या दराने प्रवेश दिला.

विद्यार्थ्यांच्या हाती कला सोपवली की काय होते हे महाराष्ट्राला ठाऊक नाही असे नाही. नाटकात आपण नेमके तेच केले आहे. महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ पासून पुरुषोत्तम करंडकाची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा चालवली. त्यातून आणि तिच्यासारख्या इतर स्पर्धांतून रात्ररात्र तालमी करणाऱ्या, आपापसांत भांडणाऱ्या, परीक्षकांना शिव्या घालणाऱ्या तरुणांच्या पिढ्या निघाल्या. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातले जब्बार पटेल आणि मोहन आगाशे त्याच वातावरणातले. १९७२ चे 'घाशीराम कोतवाल', १९७३ ची थिएटर ॲकॅडमी, आणि नंतर विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरचा पटेलांचा 'सामना', हा सारा प्रवास महाविद्यालयाच्या गॅदरिंगपासून सुरू होतो. 'सामना'तला साखर-सम्राट कोणत्या मातीतला आहे हे कोपरगावच्या प्रेक्षकाला समजावून सांगण्याची गरज नाही. तो चित्रपट मात्र पुण्याच्या डॉक्टरांनी केला. कोरियात चित्रपट-मंडळांनी जे केले ते आपल्याकडे एकांकिकांनी केले. मग चित्रपटाच्या बाबतीत महाविद्यालयांनी हात आखडता का घेतला? कारण नाटक ही संस्कृती आणि सिनेमा म्हणजे तास बुडवून करायची चैन, अशी विभागणी शिक्षणसंस्थांच्या मनात खोल रुजलेली आहे. मुलगा तालमीला गेला तर प्राध्यापक कौतुक करतात. सिनेमाला गेला तर घरी पत्र जाते. पत्र आता व्हॉट्सॲपवर जाते, एवढाच फरक.

ही विभागणी किती पोकळ आहे याचा पुरावा दूर शोधण्याची गरज नाही. तो याच जिल्ह्यात आहे. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे अहिल्यानगरला (तेव्हाचे अहमदनगर) न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यास शिकायला आले. २००९ चा 'पिस्तुल्या' हा त्यांचा लघुपट त्या शिक्षणाच्या काळातला. त्याला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २०१३ चा 'फँड्री' आणि २०१६ चा 'सैराट' झाला. याच जिल्ह्यातील भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून 'ख्वाडा' काढला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. धनगरांची भटकंती आणि गावचा पाटील, डुकरे पकडणारे कुटुंब आणि शाळेची इयत्ता, हे विषय मुंबईच्या पटकथाकाराला सुचण्यासारखे नव्हते. मंजुळे यांना एक महाविद्यालयीन विभाग मिळाला, तेथे कॅमेरा मिळाला, पाहणारे सोबती मिळाले. तेवढ्याने हे झाले. असा विभाग प्रत्येक महाविद्यालयाला परवडणार नाही, मंडळ परवडेल.

आणि कोपरगावात विषयांचा दुष्काळ आहे असे तर कोणी म्हणणार नाही. गळीत हंगामात बीड-पाथर्डीकडून येणारी ऊसतोड कामगारांची खोपटी, त्यांची शाळा सुटलेली मुले. कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या आणि त्यांवरून होणारे तंटे. स्थानकावर उतरून शिर्डीकडे धावणारी, या गावाकडे वळूनही न पाहणारी गर्दी. राघोबादादांच्या वाड्याचे अवशेष आणि त्यांच्या सावलीत वाढणारे आजचे गाव. हे सारे पाहणारा विद्यार्थी दररोज त्यातूनच महाविद्यालयात येतो. कोरियन मालिकेतला गरिबाचा जुगार त्याला भिडतो, कारण कर्ज म्हणजे काय हे त्याने घरी पाहिलेले असते. मात्र ते का भिडते हे सांगण्याची भाषा त्याला कोणी दिलेली नसते. भ्रमणध्वनीवर भाग संपतो, पुढचा भाग आपोआप सुरू होतो; विचार करायला मधली दहा मिनिटेसुद्धा कोणी सोडत नाही. मंडळ त्या दहा मिनिटांसाठी हवे.

शेजारच्या राज्याने हे खेड्यात करून दाखवले आहे. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातील हेग्गोडू या लहानशा गावी के. व्ही. सुब्बण्णा यांच्या 'नीनासम'ने १९७३ मध्ये चित्रपट-मंडळ काढले, आणि सतीश बहादूर-नायर या पुण्याच्याच मंडळींच्या साहाय्याने रसास्वादाचे वर्ग घेतले. सुपारीच्या बागांत काम करणाऱ्यांनी जगातले अभिजात चित्रपट पाहिले, आणि ते कन्नडमधल्या विवेचनाच्या आधाराने पाहिले. पुण्याच्या ज्ञानाचा पाट शिवमोग्ग्याच्या खेड्यापर्यंत जाऊ शकतो, मग दोनशे किलोमीटरवरच्या कोपरगावपर्यंत त्याने का जाऊ नये, याचे उत्तर पुण्याने आणि कोपरगावने दोघांनीही द्यायचे आहे.

हेग्गोडूच्या उदाहरणात भाषेचा मुद्दा सर्वात मोलाचा आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थ्यांना इंग्रजी उपशीर्षके वेगाने वाचता येत नाहीत, आणि ही गोष्ट सांगण्याची त्यांना लाज वाटते. मंडळ चालवणारे प्राध्यापक इंग्रजीचे असले तर ती त्यांच्या लक्षातही येत नाही. प्रत्येक चित्रपटाआधी एक पानभर मराठी टिपण (कथेची रूपरेषा, देश-काळाची माहिती, कुठे लक्ष द्यावे याच्या दोन-चार खुणा) विद्यार्थ्यांनीच लिहून वाटले, तर अर्धे काम होते. 'पिवळा दरवाजा'च्या मुलांनी परदेशी पुस्तके भाषांतरली ती काही पांडित्यासाठी नव्हे. स्वतःला समजावे म्हणून. वर्षाअखेरीस अशी दहा-बारा टिपणे जमली की महाविद्यालयाच्या वार्षिकात दरवर्षी छापल्या जाणाऱ्या 'आई' आणि 'पाऊस' या विषयांवरील कवितांच्या शेजारी छापण्यासारखे काही निराळे हाती येईल.

दुसरी अडचण वेळेची. मंडळाचे खेळ संध्याकाळी असतात, ही शहरी सवय. कोपरगावात संध्याकाळचा खेळ लावला की खेड्यावरच्या मुली आपोआप वगळल्या जातात, शेवटची एस.टी. चुकवून चित्रपट पाहण्याची परवानगी त्यांना कोणत्याही घरातून मिळणार नाही. म्हणून खेळ दुपारी, वेळापत्रकात, प्रयोगाच्या तासाप्रमाणे लागला पाहिजे. चित्रपट दोन तासांहून लांब असेल तर तो दोन दिवसांत दाखवावा. शास्त्र बिघडत नाही. यंत्रसामग्रीचा प्रश्न आता उरलेला नाही, कारण प्रक्षेपक आणि पडदा प्रत्येक महाविद्यालयाने नॅकच्या तपासणीसाठी कधीच घेऊन ठेवला आहे. त्यावर एरवी काय दाखवले जाते, हा निराळा विषय. हक्कांचा प्रश्न मात्र गंभीरपणे घ्यावा लागेल. फिल्म सोसायट्यांच्या महासंघाचे सभासदत्व घेतले तर चित्रपट रीतसर मिळवण्याचा मार्ग खुला होतो. महाविद्यालयांतील मंडळांसाठी महासंघाने 'कॅम्पस फिल्म सोसायटी' असा स्वतंत्र वर्गच ठेवलेला आहे. पुण्याचे संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. त्या महामंडळाने जिल्ह्यांच्या महाविद्यालयांसाठी मराठी उपशीर्षकांसह पन्नास चित्रपटांचा संच तयार केला, तर नायर-बहादूर यांच्या कार्याचे ते खरे पुढचे पाऊल ठरेल.

या सगळ्यापेक्षा अवघड अडचण आहे ती विश्वासाची. संस्थाचालकांना मंडळ काढण्यास सांगितले तर ते काढतील. उद्घाटनाला पाहुणे येतील, नारळ फुटेल, फलक लागेल. मग चित्रपट निवडण्यासाठी प्राध्यापकांची समिती नेमली जाईल आणि तिचे पहिले काम 'वाद होणार नाही असे' चित्रपट शोधण्याचे असेल. स्वच्छतेवरचा एक माहितीपट, एका महापुरुषावरचा एक चरित्रपट, परीक्षेपूर्वी एक प्रेरणादायी, आणि मंडळ संपले. संस्थाचालकांची भीती अगदीच निराधार आहे असेही नाही. एखाद्या चित्रपटावरून बाहेरची माणसे महाविद्यालयात घोषणा देत शिरतात, आणि त्याचे उत्तर प्राचार्यांना एकट्याला द्यावे लागते. विद्यापीठ तेव्हा मूग गिळून असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला आपल्या संलग्न महाविद्यालयांत अशी मंडळे हवी असतील, तर परिपत्रकाच्या आधी त्याने या प्राचार्यांच्या पाठीशी उभे राहण्याची लेखी हमी द्यावी. ग्वांगजूला हेलिकॉप्टर आले होते. कोपरगावला निदान एखादा दूरध्वनी येईल, आणि तो घेणारा माणूस कोण असेल हे आधी ठरलेले बरे.

निवड विद्यार्थ्यांची असावी, हा आग्रह एवढ्यासाठीच. ते प्रथम वाईट चित्रपट निवडतील. दोन महिने दक्षिणेतील मारामारीचे, दोन महिने भुताखेतांचे खेळ होतील. होऊ द्यावेत. तिसऱ्या महिन्यात कोणीतरी उठून म्हणेल की यात पाहण्यासारखे काही नाही, आणि दुसरा त्याच्याशी भांडेल. 'फँड्री'चा शेवटचा दगड कोणावर भिरकावला आहे यावर दोन तट पडतील. एखादी मुलगी 'पॅरासाइट'मधले पावसाचे पाणी आणि आपल्या वस्तीत पुराच्या वर्षी शिरलेले गोदावरीचे पाणी यांची तुलना करील, आणि वर्गात कधी न बोललेली ती वीस मिनिटे बोलेल. प्राध्यापकाने त्या वेळी मागच्या बाकावर बसून ऐकावे. खोलीची किल्ली, टिपणांची वही आणि चित्रपटांची यादी ज्या विद्यार्थ्याकडे असेल, त्याला कार्यालयातून दर वेळी सही आणायला लावू नये.

येत्या जूनमध्ये महाविद्यालये उघडतील तेव्हा प्रवेशाच्या रांगेत नेहमीप्रमाणे अर्जासोबत राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना आणि क्रीडा यांचे रकाने असतील. त्यांच्या खाली आणखी एका रकान्याला जागा आहे. तो छापायला खर्च लागत नाही.